चंद्राकाकीनं मिसरी सोडली

गेली अकरा वर्षं मी वरच्या वाडीत आशा सेविका आहे आणि अकरा वर्षं बायकांना एकच गोष्ट सांगते आहे, की मिसरी सोडा. तंबाखू तव्यावर काळी भाजून हिरड्यांना घासायची, ती घासता घासता नळावर तासभर बसायचं, ही आमच्या बायकांची सकाळ. मी त्यांना कॅन्सरच्या तोंडांची चित्रं दाखवली. बायकांनी चित्रं बघितली, च्च् च्च् केलं आणि डबी उघडून पुन्हा एक चिमूट घेतली. पालथ्या घड्यावर पाणी. अकरा वर्षांत मिसरी सोडलेल्या बायका किती, तर एकही नाही.

मग चंद्राकाकीनं सोडली. माझ्या सांगण्यानं नाही आणि कॅन्सरच्या भीतीनंही नाही. नाकासाठी सोडली. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमच्या वाडीनं यातून जो अर्थ काढला तो ऐकून कोणाचंही डोकं फिरेल, आणि तो अर्थ तसाच राहू देण्यात माझाही हात होता.

चंद्रभागाकाकीचं माहेर महाडजवळचं नाते गाव. सात वर्षांची असताना तिचा भाऊ महादू अंगणात विटीदांडू खेळत होता आणि ही समोर उभी होती. विटी आली ती सरळ नाकावर. त्या काळी हळद भरली, रक्त थांबलं, नाक बरं झालं असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. पण मधलं हाड बसलं ते बसलंच. दोन डोळ्यांच्या मधून निघालेलं नाक वाटेत नाहीसं व्हायचं आणि एकदम ओठाच्या वर शेंडा दिसायचा. तेव्हापासून ती नकटी.

ती म्हण तुम्हाला माहीत आहे. काकीच्या लग्नात पाऊस आला, तेव्हा कोणीतरी म्हणालं, ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.’ पुढं वाडीत कोणाच्याही लग्नात मांडव पडला, भटजीला उशीर झाला, जेवणात मीठ कमी पडलं, की कोणीतरी ती म्हण काढायचं आणि सगळे काकीकडं बघून हसायचे. काकीपण हसायची. न हसून सांगते कोणाला? नवरा श्रीपतकाका भला माणूस, त्याचं तिच्या नाकाशी काही भांडण नव्हतं. भांडण तिचं होतं, पण हे काका जाऊन नऊ वर्षं झाली तरी कोणाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर पोलादपुरात बचत गटांचं प्रदर्शन भरलं. आमच्या गटाचे नाचणीचे पापड होते, काकी गटाची अध्यक्ष, म्हणून बॅनरवर तिचा फोटो. आम्ही सकाळी पापडांची पोती उतरवून बघतो तर बॅनरवर कोणी दुसरीच बाई. साडी काकीची, कुंकवाच्या जागी काळी टिकली लावते तीही काकीची, पण नाक सरळ, धारदार. फोटोवाला हसत म्हणाला, “काकूंचं नाक जरा नीट करून घेतलं कॉम्प्युटरवर. चांगलं दिसतं ना?”

बायका खो खो हसल्या. बनुबाई, म्हणजे काकीची शेजारीण, तिच्यासोबत तीस वर्षं एका नळावर मिसरी लावणारी, तर पदर तोंडात कोंबून हसली. “चंद्रे, ही तुझी सवत कुठून आली गो?”

काकी हसली नाही. दिवसभर पापड विकता विकता तिची मान सारखी बॅनरकडं वळत होती. संध्याकाळी एसटी स्टँडवर तिनं मला बाजूला घेतलं.

“दर्शना, मशिनीवर होतं ते माणसावर होत नाय?”

मी म्हणाले, होतं. डॉक्टर असतात त्याचे.

“मग विचार. पण गावात बोलू नको. आधी सांगितलं तर लोक बैठक बसवतील माझ्या नाकावर. झाल्यावर मीच सांगेन.”

काकीनं दोन म्हशी विकल्या. माणसं लग्नासाठी विकतात, बारशाला विकतात, हिनं नाकासाठी विकल्या. मुलगा मंगेश मुंबईत लिफ्ट दुरुस्त करतो, त्याला फोनवर कळलं तेव्हा त्यानं आधी दोनदा विचारलं, कशासाठी म्हणून. मग म्हणाला, “आये, आता बाबापण नाय. कोणाला दाखवायचंय नाक?”

“मला,” काकी म्हणाली. “आरसा माझ्याच घरात हाय.”

पनवेलच्या डॉक्टरीण बाईंकडं मीच तिला घेऊन गेले. वाटेत महाड ओलांडेपर्यंत मी तिला पढवत होते, की श्वास घ्यायला त्रास होतो म्हण, रात्री नाक बंद होतं म्हण, म्हणजे ते आजारपण दिसेल आणि आपल्याला मान खाली घालायला नको. काकी हूं हूं करत होती. डॉक्टरीण बाईंनी नाकात बॅटरी मारून बघितली आणि नेमकं तेच विचारलं, श्वासाला त्रास होतो का?

“नाय,” काकी म्हणाली. “डोक्यावर भारा घेऊन डोंगर चढते. श्वास चांगला हाय.”

मी कपाळाला हात लावला.

“मग ऑपरेशन कशासाठी करायचंय?”

“नाक नीट नाय म्हणून.”

“एवढंच कारण?”

“एवढंच. पुरत नाय का?”

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि हसल्या. “पुरतं की.” मग त्यांनी कॉम्प्युटरवर नाकांचे फोटो दाखवले, यातलं कसं हवं म्हणून. काकीनं सगळे बाजूला सारले आणि माझ्या मोबाईलवर महादूमामाचा फोटो उघडायला लावला. “हा माझा भाऊस. यानंच माझं मोडलं. याचंच द्या, पण बाईच्या मापाचं.”

बरगडीच्या टोकाचं मऊ हाड काढून नाकात बसवायचं, असं ठरलं. काकीच्या अंगात रक्त कमी, म्हणून गोळ्या दिल्या. आणि एक अट घातली. ऑपरेशनच्या आधी सहा आठवडे आणि नंतरही तंबाखू पूर्ण बंद, मिसरीची चिमूटसुद्धा नाही. तंबाखूनं रक्ताच्या बारीक नळ्या आवळतात, जखम भरत नाही, नाकाची कातडी काळी पडून गळूसुद्धा शकते.

अकरा वर्षं जे माझ्या चित्रांनी झालं नाही ते त्या एका वाक्यानं झालं. घरी आल्यावर काकीनं डबी माझ्या हातात दिली. “तुझ्याकडं ठेव. मी मागितली तरी देऊ नको. रडले तरी देऊ नको.”

ती रडली. मागायलाही आली, तीनदा. डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, कोंबड्यांवर ओरडायची, माझ्यावर तर विचारू नका. मी डबी दिली नाही. लवंग चघळून आणि मला शिव्या देऊन तिनं दिवस काढले. नळावर जायची तेव्हा हात रिकामा राहू नये म्हणून कडुलिंबाची काडी घ्यायची.

आता वाडीचं डोकं कसं चाललं बघा. बाई मिसरी कधी सोडते? आमच्याकडं आजवर दोनच बायकांनी सोडली होती, माझ्या येण्याच्या आधी, आणि दोघींनाही तोंडाचा कॅन्सर झाला होता. दोघी गेल्या. म्हणजे चंद्रानं सोडली याचा अर्थ काय? त्यात महाडला चवदार तळ्याजवळच्या लॅबमध्ये रक्त द्यायला गेलो, तिथं वाडीतल्या एकानं आम्हाला पाहिलं. आशासेविका सोबत, रक्ताच्या बाटल्या, पनवेलच्या फेऱ्या. झालं. कोणी काही बोललं नाही आणि सगळ्यांना सगळं कळलं.

बनुबाईनं मला गाठलं. “दर्शना, खरं सांग. किती दिवस हायत तिचे?”

मी काय म्हणाले? म्हणाले, पेशंटची गोष्ट आम्हाला सांगता येत नाही. नियम खराच आहे, पण मी त्या नियमाच्या आड लपले. कारण त्याच आठवड्यात चार बायकांनी मिसरी निम्म्यावर आणली होती. भीतीनं का होईना, आणली होती. मला वाटलं, राहू दे. चांगलंच होतंय.

जानेवारीच्या मध्यात ऑपरेशन झालं. मी वॉर्डात बघितलं तेव्हा दचकलेच. डोळ्यांखाली जांभळे डाग, पापण्या सुजून बंद, नाकावर पट्टी आणि त्यावर कडक साचा, दोन्ही नाकपुड्यांत कापूस. तोंडानं श्वास घ्यायचा. उताणं आणि उशांवर अर्धवट बसूनच झोपायचं. खोकला आला की बरगडी ठणकायची. काकीनं मला खुणेनं जवळ बोलावलं आणि फुसफुसली, “सरळ हाय का?” मी म्हटलं, साच्याखालचं मला कसं दिसणार? तर म्हणाली, “मग बघायला कशाला आलीस?”

घरी आणल्यावर डॉक्टरांची यादी होती. सहा आठवडे डोक्यावर ओझं नको, वाकायचं नाही, चुलीचा धूर नको, शिंक आली तर तोंड उघडून शिंकायची. आमच्या डोंगरात यातलं एक न करता एक दिवस जात नाही. पाणी बनुबाईनं आणलं. भाकऱ्या तिनंच तिच्या घरी थापून आणल्या. रोज सकाळी हंडा ठेवायची, काकीच्या साचा बांधलेल्या तोंडाकडं एकदा बघायची आणि डोळे पुसत जायची. काकीला वाटायचं, माझं काळंनिळं तोंड बघून हिला भीती वाटते.

मंगेश दोन आठवड्यांची रजा काढून आला होता. भेटायला माणसं यायची, नारळ, बिस्किटांचे पुडे, शहाळी घेऊन. आत काकी उशांवर बसलेली, बोलायची बंदी. बाहेर ओटीवर मंगेश. लोक विचारायचे, “काय रे, मोठं होतं का?” आणि मंगेश मान हलवून म्हणायचा, “गाठ होती. काढली.”

नवव्या दिवशी साचा काढून आणला. नाक अजून सुजलेलं, बटाट्यासारखं, पण मधून सरळ. काकीनं आरसा घेतला तो खाली ठेवेचना. त्याच दिवशी बनुबाई भाकरी घेऊन आली, समोर बसली आणि रडत म्हणाली, “चंद्रे, तुला पनवेलला नेलं त्या दिवशी मी काळकाई देवीला नवस बोलले. माझी चंद्रा वाचव, मी मिसरी सोडते. डबी सावित्री नदीत सोडली गो मी. तू वाचलीस. आता जन्मात लावणार नाय.”

“मी कशातून वाचले?” काकीनं विचारलं.

“आता लपवू नको. मंगेश बोलला सगळ्यांना. गाठ होती ती.”

काकीनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं.

बनुबाई गेल्यावर जे भांडण झालं ते मी विसरणार नाही. काकीला ओरडायची बंदी होती, म्हणून ती दबक्या आवाजात ओरडली, आणि ते जास्त वाईट होतं. “माझ्या जित्या अंगाला तू रोग लावलास?”

मंगेश म्हणाला, “आये, लोक काय बोलतील? पन्नाशीच्या विधवेनं म्हशी विकून नाक केलं! मला मुंबईत वाडीच्या मंडळात तोंड दाखवता येईल का? कॅन्सर बोललं तर लोक नारळ घेऊन येतात. खरं बोललं तर दगड घेऊन येतील.”

“येऊ देत.”

मग ती माझ्याकडं वळली. “तू उद्या बनुला सांग.”

आणि मी, अकरा वर्षांची आशा सेविका, काय बोलले ऐका. म्हणाले, “काकी, आता सांगितलं तर ती पुन्हा मिसरी लावेल. तिच्या तोंडात पांढरा डाग आहे, मी पाहिलाय. तिच्यासाठी तरी गप्प राहा.”

डाग खरा होता. मंगेशचं काकीनं ऐकलं नसतं, पण बनुबाईचं नाव काढल्यावर तिची जीभ बांधली गेली. त्याचा मला आनंद झाला, हे आज सांगायला लाज वाटते. मंगेश मुंबईला गेला. गावानं तर पुढं मजल मारली. कुशाबा आबा, आमच्या वाडीचे मानकरी, देवीपुढं गाऱ्हाणं तेच घालतात. त्यांनी सगळ्या वाडीच्या वतीनं नवस बोलला होता की चंद्रभागा या रोगातून उठली तर शिमग्याला पालखी तिच्या दारात येईल तेव्हा नारळांचं तोरण बांधू.

शिमगा जवळ आला तशी काकीची सूज उतरली. डोळ्यांखालचे डाग पिवळे होऊन गेले. नाक दिसायला लागलं, महादूमामाचं, बाईच्या मापाचं. मामा नात्याहून मुद्दाम बघायला आला, तिच्या समोर बसला आणि इतकंच म्हणाला, “आता माझा नेम चुकला म्हणायला हरकत नाय.” आणि डोळे पुसले. त्याला खरं ठाऊक होतं. वाडीत मात्र बायका काकीकडं बघायच्या आणि म्हणायच्या, बिचारी, नाकसुद्धा कापून नवं बसवावं लागलं. काकी घरात येऊन भांडी आपटायची.

“दर्शना, एकावन्न वर्षांत मी स्वतःसाठी ही एकच गोष्ट केली,” ती मला म्हणाली. “ती पण माझी नाय राहिली. रोगाची झाली.”

“बनुबाईचं काय?” मी म्हटलं.

तिनं हातातलं पातेलं फळीवर आपटलं.

पालखी आली ती सकाळी. ढोल-ताशा, गुलाल, सगळी वाडी मागं. शिमग्याला आलेली मुंबईची पोरं पालखी नाचवत होती आणि पुढच्या दांडीला मंगेशचा खांदा होता. काकीनं अंगण सारवून रांगोळी काढली होती. पालखी दारात थांबली. कुशाबा आबांनी तोरणाचे नारळ पुढं मांडले, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा काळकाई देवी, महाराजा!”

“होय महाराजा!” पुरुषांनी साथ दिली.

“ही तुझी लेक चंद्रभागा, हिच्यावर मोठा रोग आला होता. वाडीनं तुला हाक दिली. तू तो रोग टाळलास...”

“थांबा, आबा,” काकी म्हणाली.

गाऱ्हाण्यात कोणी बोलत नाही. बाई तर नाहीच नाही. ताशेवाल्याच्या हातातली काठी वरच राहिली. मंगेशचं तोंड उतरलं, पण पालखी खांद्यावर होती. ती टाकून जाता येत नाही. तो तिथंच उभा राहिला.

“मला रोग झाला नव्हता,” काकी पदर नीट करत म्हणाली. “माणसांपुढं खोटं चाललं, मी गप्प बसले, ती माझी चूक. देवीपुढं नाय चालणार. माझं नाक मोडलेलं होतं. मला ते आवडत नव्हतं. मी म्हशी विकल्या आणि नाक करून घेतलं. हौसेनं.”

“हौसेनं?” आबा म्हणाले.

“होय. मिसरी सोडली ती पण त्यासाठी. डॉक्टरनं सांगितलं म्हणून.”

मागं कुजबुज सुरू झाली. कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, “आणि आम्ही नवस बोललो!” दुसरं म्हणालं, “म्हातारपणी चळ.” काकीची मान खाली गेली नाही. ती हात जोडून उभी होती आणि ते नवं नाक उन्हात सगळ्यांना दिसत होतं.

आबा अवघडले. बहात्तर वर्षांच्या माणसाला असलं गाऱ्हाणं कधी घालावं लागलं नव्हतं. “बाये, मग आता मी देवीला काय सांगू?”

“हेच सांगा. नाक केलं, हौसेनं केलं. आता ते राख म्हणावं.”

आबांनी खाकरून घसा साफ केला. देवीपुढं अर्धं टाकलेलं गाऱ्हाणं तसंच सोडता येत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? “बा देवी महाराजा. या तुझ्या लेकीनं... नाक करून घेतलं हाय. हौसेनं. तिची हौस पुरी कर, तिचं नाक राख, महाराजा!”

आणि आबा थांबले. आता ‘होय महाराजा’ यायला हवं होतं. साथ आल्याशिवाय गाऱ्हाणं देवीला पोचत नाही. पुरुष एकमेकांकडं बघत राहिले. कोणी तोंड उघडेना. मी उघडायला हवं होतं, मला सगळं आधीपासून ठाऊक होतं. मीही गप्प.

बायकांच्या घोळक्यातून बनुबाई पुढं आली. तिचं तोंड रागानं लाल झालं होतं. ती सरळ काकीपुढं जाऊन उभी राहिली, इतक्या जवळ की मला वाटलं आता थोबाडीत देते.

“तू मरतेस म्हणून मी रडले.”

“हो,” काकी म्हणाली. आता तिचा आवाज हलला.

“डबी नदीत सोडली मी. डोकं फुटायची पाळी आली. दीड महिना.”

“हो गो बनु.”

बनुबाईनं बोट वर केलं आणि त्या नाकावरून वरपासून शेंड्यापर्यंत हळूच फिरवलं, पोळपाट साफ आहे का बघावं तसं. मग ती पुरुषांकडं वळली आणि साऱ्या डोंगराला ऐकू जाईल अशी ओरडली.

“गप काय बसलात, मेल्यांनो? दीड महिना मिसरी सोडली मी या नाकासाठी! माझा पण वाटा हाय यात! म्हणा, होय महाराजा!”

पहिला आवाज पालखीच्या पुढच्या दांडीखालून आला. तो मंगेशचा होता.